दिसतंय का?

माझ्या बसला सात आरसे आहेत.
प्रत्येक जण थोडं थोडं खोटं बोलतो,
कोण किती, ते बावीस वर्षांत मला पाठ झालंय.
डावीकडचा फुगीर आरसा मागच्या ट्रकला
सायकलीएवढा करतो,
मी मनातल्या मनात त्याचा परत ट्रक करून घेतो.
एवढं सोपं असतं
तर सुन्निवाला मी एका दुपारीत शिकवलं असतं.

ट्रोम्सोत नोव्हेंबर सरताना सूर्य डोंगराआड जातो
आणि दोन महिने तोंड दाखवत नाही.
शेजारी बर्फ उपसताना कुरकुरतात,
खिडकीशी दिवे लावून बसतात.
माझी मुलगी मात्र याच दिवसांत जरा मोकळी होते.
दोन खांबांमधल्या काळोखात ताठ चालते,
खांब आला की मान खाली.
मला वाटायचं, हिला अंधार आवडतो.
बापाला काय, काहीही वाटतं.

नाकाच्या डाव्या बाजूला, नाकपुडीच्या जरा वर
एक खड्डा आहे.
म्हणजे, नाही.
म्हणजे, तिला आहे.
मी चष्मा लावून पाहिलं, भिंग धरून पाहिलं,
ओट्यावरच्या दिव्याखाली, ती हनुवटी वळवेल तसतसं.
"दिसतंय का?" "नाही."
"आणि आता?" "नाही गं."
"खोटं बोलतोस, बाबा."
एका रविवारी मी मोजलं. एकेचाळीस वेळा.
माझं प्रत्येक 'नाही' समुद्राच्या पाण्यासारखं,
पिताना ओलं, मग तहान दुप्पट.

राईचा पर्वत करते, तिची आत्या म्हणाली, ओस्लोहून, फोनवर.
म्हणू दे.
त्या पर्वताच्या पायथ्याशी कोण राहतं, तिला काय ठाऊक.
आठच्या कामासाठी ही पाचला उठते.
दीड तास आरशापुढे,
मग थोडा वेळ न्हाणीघराच्या फरशीवर, बसून.
यात रूपाचा गर्व शोधू नका.
गर्विष्ठ माणूस आरशापुढून खूश होऊन निघतो,
ही जखम बांधून निघाल्यासारखी निघते.
चमच्याची पाठ, दुकानाची काच, फोनचा काळा पडदा...
माझ्याशी बोलताना ती माझ्या डोळ्यांत नाही,
चष्म्यात बघायची,
हे कळायला मला तीन वर्षं लागली.

बर्गनच्या सर्जननं पैसे घेतले, नाक जरासं तासलं.
सहा आठवडे खड्डा गेला.
मग तो उजवीकडे सापडला.

रान्वाइगबाईंच्या खोलीत पुरुषभर उंचीचा आरसा आहे.
त्या म्हणतात, काय दिसतं ते सांग. विशेषणं नकोत.
पहिले तीन आठवडे सुन्निवा गप्प.
मग एकदा: केस. कान, दोन.
स्वेटरचं एक बटण तुटलंय.
मला त्यांनी वेगळं बसवून सांगितलं,
उत्तर देऊ नका.
ब्रेक दाबायला मला पाय आहे,
जिभेला तसला पाय नाही.
"दिसतंय का?"
हा प्रश्न त्या आजाराचा आहे, मी म्हणतो, तुझा नाही. कॉफी ठेवू?
ती दार आपटते.
मी कॉफी ठेवतो. दोन कप.

आज एकवीस जानेवारी.
पोरं शाळेतून बाहेर ओतलीत, सगळ्या गावाच्या हातात
सूर्याचे गोल पाव, आत जॅम.
पुलाअलीकडच्या थांब्यावर ती चढली,
मफलर डोळ्यांपर्यंत, हातात कागदी पिशवी.
माझ्यामागच्या दांड्याला धरून उभी राहिली.
दोन डोंगरांच्या फटीतून तो आला, चारच मिनिटं,
आणि सातही आरसे एकदम पेटले.
पाव खायचा तर मफलर खाली घ्यावा लागतो.
तिनं घेतला.
मी रस्त्याकडे बघत होतो.
हे खोटं आहे, मी आतल्या आरशातून पाहिलं.

"बाबा, काही लागलंय का?"
जुना प्रश्न की नवा, कळेना. सिग्नल लाल होता.
"हो," मी म्हणालो. "जॅम. हनुवटीवर."
तिनं बाहीनं पुसलं.
मफलर परत वर गेला.
पुढचा थांबा बंदर. दोघं उतरायचे होते.